सुट्या बोर्डांवरचे रूळ जोडाशी का जुळत नाहीत, आणि ते कसे जुळवायचे

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या एका गृहस्थांनी मॉडेल रेल्वेचा एचओ स्केलचा (खऱ्याच्या १:८७ मापाचा) लेआउट तीन सुट्या बोर्डांवर बांधला आहे. प्रत्येक बोर्ड ४ फूट बाय २ फूट, वर १२ मिमी प्लाय, खाली लाकडी पट्ट्यांची चौकट. प्रत्येक जोडावरून दोन ट्रॅक जातात. बोर्ड एकमेकांना दोन-दोन बोल्ट आणि विंग नटने आवळलेले, रुळांची टोकं जॉइनर सरकवून जोडलेली. एप्रिलमध्ये घरी सगळं सुरळीत चाललं. ऑगस्टमध्ये एका शाळेतल्या प्रदर्शनात मांडल्यावर इंजिन जोडावरून जायचं, पण मागच्या हलक्या वॅगन घसरायच्या. ते विचारतात की चांगल्या प्रतीचे जॉइनर कुठले घ्यावेत, की जोडावर रुळाचा सुटा तुकडा बसवावा?

जॉइनर कितीही महागाचा घेतलात तरी हा त्रास जाणार नाही, म्हणून तो विषय आधी बाजूला करू. जॉइनर म्हणजे दुमडलेल्या पातळ पत्र्याची चिमटी. एकाच बोर्डावर बसवलेल्या दोन रुळांची टोकं एका रेषेत ठेवणं एवढंच त्याचं काम. जोडावर मात्र आपण त्याच्याकडून आठ-दहा किलोचा बोर्ड ओढून जागेवर आणायची अपेक्षा करतो. तो ते करत नाही. दर मांडणीला तो थोडा फाकतो, आणि त्या ओढाताणीत रुळाची टोकं स्लीपरवरच्या प्लॅस्टिकच्या पकडीतून सुटायला लागतात. मग दोष रुळाचा वाटतो.

खरी अडचण अशी की तुमचे बोर्ड दर वेळी त्याच जागी परत येत नाहीत. ८ मिमीचा बोल्ट सहज आत जावा म्हणून आपण भोक ९ मिमीचं पाडतो. दोन्ही बोर्डांना तसंच भोक असलं, की एका बोर्डाच्या मानाने दुसरा वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, कुठेही १ मिमीपर्यंत सरकून आवळला जाऊ शकतो. आता चाकाकडे बघा. अमेरिकेतल्या एनएमआरए या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संस्थेच्या आरपी-२५ प्रमाणाप्रमाणे बनलेलं कोड ११० (म्हणजे ०.११० इंच रुंदीचं) चाक एचओमध्ये सर्रास असतं. त्याची कड, म्हणजे रुळाच्या आतल्या बाजूला खाली उतरणारा भाग, जास्तीत जास्त ०.६४ मिमी खोल असते. म्हणजे बोल्टातली ढिलाई चाकाच्या कडेपेक्षा मोठी. एप्रिलमध्ये गाडी चालली ती योगायोगाने.

माझी सगळी नोकरी टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याचे डाय-साचे बनवणाऱ्या विभागात झाली. डायचे दोन भाग जोडताना तिथे नव्या पोराला पहिल्याच आठवड्यात सांगतात की स्क्रू धरतो आणि डॉवेल (भोकात अचूक बसणारी पिन) जागा दाखवतो. एकाचं काम दुसऱ्याला सांगायचं नाही. तुमच्या बोर्डांत जागा दाखवणारं काहीच नाही, आहेत ते नुसते धरणारे. आणि जागा दाखवणारी सोय एकदा झाली की दुसरी एक सोय आपोआप होते. दोन बोर्डांवरचे रूळ मोजून-मापून एकमेकांसमोर आणायची गरजच उरत नाही. बोर्ड जिथे बसायचे तिथे बसू देत, अर्धा मिलीमीटर इकडे-तिकडे असले तरी चालेल, फक्त दर वेळी तिथेच बसले पाहिजेत. मग जोडावरून रूळ अखंड टाकायचा, दोन्ही बाजूंना पक्का करायचा, आणि सगळ्यात शेवटी कापायचा. एकाच रुळाची दोन टोकं समोरासमोर असणारच.

यात काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. सगळ्यात मोठी म्हणजे तुमचे बोर्ड नेहमी त्याच क्रमाने जोडले जातात की कुठलाही बोर्ड कशालाही जोडता यायला हवा? युरोपात १९८१ पासून फ्रेमो नावाची मंडळी आहेत. वेगवेगळ्या गावांतून माणसं आपापले बोर्ड घेऊन येतात आणि हॉलभर एकच लांबलचक मार्ग उभा करतात. तिथे पिना वगैरे फारशा कामाच्या नाहीत, कारण समोर कुणाचा बोर्ड येईल ते ठाऊक नसतं. म्हणून ते बोल्टची भोकं मुद्दाम मोठी ठेवतात, रूळ हाताने आणि डोळ्याने जुळवतात आणि मग बोल्ट आवळतात. ती पद्धत उत्तम चालते, पण प्रत्येक जोडाशी जाणता माणूस आणि वेळ लागतो. तुमचे बोर्ड तीन, जोड दोन, क्रम ठरलेला. तुम्ही तो खटाटोप का करावा?

सुट्या तुकड्याचंही तसंच. एन या एचओहून लहान स्केलमध्ये, सुट्या बोर्डांच्या एनट्रॅक पद्धतीत रूळ बोर्डाच्या कडेच्या आतच थांबवतात आणि मधल्या जागेत सुमारे पाच इंचांचा सुटा तुकडा दोन्हीकडे जॉइनर लावून बसवतात. अनोळखी बोर्ड जोडायचे असले की हे सोयीचं पडतं, कारण थोडा फरक त्या तुकड्याच्या दोन टोकांत वाटला जातो. पण एका सांध्याचे दोन होतात, खडी आणि गवत तिथे तुटलेलं दिसतं, आणि तो तुकडा नेमका प्रदर्शनाच्या दिवशी घरी राहतो. तुमच्यासाठी माझं उत्तर स्पष्ट ‘नको’ असं आहे.

काहीही उघडण्याआधी एक तपासणी करा. घसरणारी वॅगन उचला, उलटी फिरवून पुन्हा त्याच जोडावरून ढकला. मग दुसऱ्या वॅगन ढकला. वेगवेगळ्या वॅगन एकाच जागी घसरत असतील तर दोष ट्रॅकचा. एकच वॅगन जागोजागी घसरत असेल तर तिची चाकं आणि वजन तपासा. एनएमआरएची शिफारस एचओसाठी मूळ १ औंस आणि लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस अशी आहे, म्हणजे ४ इंची वॅगन साधारण ८५ ग्रॅमची हवी. बाजारातल्या बऱ्याच वॅगन यापेक्षा हलक्या असतात. इंजिन जातं आणि वॅगन घसरते याचं निम्मं कारण हेच. जड इंजिन रुळाचं टोक दाबून स्वतःपुरती वाट करतं, हलकी वॅगन त्याच टोकावर चढून बसते.

आता फट आणि पायरी यांतला फरक, कारण लोक नेमका उलटा जीव टाकतात. दोन रुळांच्या टोकांत फट दिसली की ती बुजवायच्या मागे लागतात, आणि एक टोक दुसऱ्यापेक्षा जरासं आत आलेलं असलं तर त्याकडे दुर्लक्ष. गणित करून बघा. १० मिमी व्यासाचं चाक १ मिमीच्या फटीवरून जाताना फक्त ०.०२५ मिमी खाली उतरतं. फट २ मिमी केली तरी ०.१ मिमी. आवाज येईल, बाकी काही होणार नाही. पायरीचं तसं नाही. रुळाच्या आतल्या अंगाला, जिथे चाकाची कड घासत जाते तिथे, ०.३ मिमीची पायरी समोरून आली की कड तिच्यावर चढायची शक्यता लगेच तयार होते. म्हणून मी फट मोजत नाही, पायरी मोजतो. गॅरेजवाले टॅपेट सेट करायला फीलर गेज (वेगवेगळ्या जाडीच्या पातळ पानांचा जुडगा) वापरतात, तो कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. रुळाच्या आतल्या अंगाला स्टीलची पट्टी टेकवायची आणि मागे हटलेल्या टोकाशी कुठलं पान जातं ते बघायचं. एचओला माझा हिशेब असा: ०.१ मिमी उत्तम, ०.२ चालेल, त्यापुढे काम करावं लागेल. एन स्केलला हे आकडे निम्मे धरा. गेज नसेल तर नख फिरवा. नख अडलं तर वॅगनही अडणार.

पिनांकडे येऊ. ब्रिटनमध्ये या कामाला पॅटर्नमेकरचे पितळी डॉवेल वापरायची जुनी रीत आहे, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने जुळवायला जे वापरतात तेच. एका बाजूला पिन, दुसऱ्या बाजूला बुश (पिन जिच्यात शिरते ती नळी), दोन्हींना स्क्रू मारायला चकती. आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात विचारलंत तर दुकानदार लाकडी डॉवेल काढून देईल. ते घेऊ नका, पावसाळ्यात फुगतात आणि बोर्ड सुटता सुटत नाहीत. दोन मार्ग आहेत. डाय-मोल्डचं सामान विकणाऱ्याकडे तयार गाइड पिन आणि गाइड बुश मिळतात. किंवा अंबड नाहीतर सातपूरच्या एमआयडीसीत कुठल्याही लेथवाल्याला सांगा: ८ मिमीची पिन, तिला चकती, बोर्डाबाहेर १० ते १२ मिमी निघेल एवढीच लांब, टोक गोलसर. आणि तिच्यावर हाताने सरकेल पण हलणार नाही असा पितळी बुश. दोन जोडांना मिळून चार जोड्या लागतील. पिन याहून लांब करून घेऊ नका. बोर्ड लावताना तो कधीच अगदी सरळ येत नाही, जरा तिरका येतोच, आणि लांब पिन तिरकी शिरली की अडकते. मग माणूस गुडघ्याने ढकलतो आणि बुश उपटला जातो.

पिना दोनच, आणि एकमेकींपासून जितक्या लांब ठेवता येतील तितक्या. २ फूट रुंदीत दीड फुटाहून थोडं जास्त अंतर सहज मिळतं. तिसरी पिन घातली की ती पहिल्या दोघींशी भांडते. दोघींतलीही एकच पूर्ण गोल ठेवायची. दुसरीच्या डाव्या-उजव्या अंगाला कानस मारून ती जराशी चपटी करायची, वरची-खालची गोलाई मात्र तशीच. टूलरूममध्ये हिला डायमंड पिन म्हणतात. कारण असं की दोन बोर्डांच्या फळ्या दमट हवेत अगदी सारख्या फुगतीलच असं नाही. दोन्ही पिना गोल असल्या की त्यांच्यातलं अंतर केसभर बदलल्यावर बोर्ड अडकतो. एक चपटी असली तर आडवी जागा गोल पिन ठरवते, आणि चपटी पिन बोर्डाला वर-खाली फिरू देत नाही. यातूनच पुढचं ठरतं: गोल पिन रुळांच्या जवळच्या बाजूला हवी, म्हणजे फुगण्या-आक्रसण्याचा फरक रुळांपासून दूरच्या टोकाला निघून जातो.

पिन बसवायला टोकाची फळी दणकट लागते. तुमच्या चौकटीच्या पट्ट्या पातळ असणार, म्हणून प्रत्येक जोडाच्या दोन्ही बाजूंना १८ मिमी प्लायची फळी बाहेरून चिकटवा आणि स्क्रू मारा. वरची कड बोर्डाच्या पृष्ठभागाशी एकसारखी करा. जिथे रूळ येणार तिथे या फळीच्या माथ्यावर खाच पाडून सागाचा तुकडा बसवा. प्लायच्या कडेत उभा स्क्रू घातला की थर फाकतात आणि स्क्रू काही महिन्यांत डुगडुगतो. सागात तो घट्ट राहतो.

बुश बसवायची माझी पद्धत जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्या आधीच बांधलेल्या बोर्डांना तीच सोपी पडेल. दोन्ही फळ्या समोरासमोर आणून शिकंज्यांनी घट्ट दाबा आणि ३ मिमीच्या ड्रिलने दोन्हींतून आरपार भोक पाडा. मग बोर्ड वेगळे करा. पिनेच्या बाजूचं भोक पिनेच्या मापाचं करून पिन चकतीसह स्क्रूने पक्की बसवा. बुशच्या बाजूचं भोक मात्र बुशच्या बाहेरच्या मापापेक्षा मुद्दाम २ मिमीने मोठं करा. पिनेला मेण चोळा आणि तिच्यावर बुश सरकवून ठेवा. पिनेपुरतं भोक पाडलेला पातळ पॉलिथिनचा तुकडा दोन फळ्यांमध्ये धरा, नाहीतर बोर्ड एकमेकांना कायमचे चिकटतील. आता बुशभोवती सावकाश सुकणारं अॅराल्डाइट भरा, पाच मिनिटांवालं नाही, आणि बोर्ड जुळवून शिकंजे आवळा. रात्रभर हात लावू नका. सकाळी बोर्ड ओढलेत की पिन मेणामुळे सुटते आणि बुश नेमका पिनेसमोर गोठलेला असतो. भोक अर्धा मिलीमीटर चुकलेलं असलं तरी फरक पडत नाही, तो अॅराल्डाइटने भरून काढलेला असतो. मग बुशच्या चकतीलाही स्क्रू मारा, आणि चपटी करायची पिन त्यानंतरच चपटी करा.

बोल्ट काढायचे नाहीत. त्यांची भोकं उलट आणखी मोठी करा, १० मिमीची, आणि मोठे वॉशर घाला. म्हणजे बोल्ट पिनांच्या कामात लुडबुड करत नाहीत, नुसते दाबून धरतात. मांडताना आधी पिना शिरवायच्या, मग बोल्ट बोटांनी आवळायचे, मग पाय जुळवायचे, आणि शेवटी पक्के करायचे.

पायांचं बोललो ते उगाच नाही. शाळेच्या हॉलची फरशी सपाट नसते. तीन बोर्डांना चार-चार पाय असले तर प्रत्येक बोर्ड आपापल्या फरशीप्रमाणे उभा राहतो, आणि जोडावर सगळा पीळ पिनांवर येतो. मधल्या बोर्डाला चार पाय ठेवा, कडेच्या दोघांना बाहेरच्या टोकाला दोनच, आणि त्यांचं आतलं टोक मधल्या बोर्डावर टेकू द्या. पायांच्या तळाला १० मिमीचे बोल्ट आणि टी-नट बसवून उंची कमी-जास्त करायची सोय करा. पुठ्ठ्याच्या घड्या सारत बसण्यापेक्षा ते बरं.

आता रूळ. आत्ताची जोडाजवळची टोकं दोन्ही बाजूंनी दोन-तीन इंच कापून काढा. तिथून नवा रूळ टाकायचा, जोडावरून अखंड. आत, बोर्डाच्या अंगावर, जुन्या रुळाशी तो जॉइनरने जोडा. तिथे जॉइनर योग्य आहे. जोडाच्या कडेला रूळ प्लॅस्टिकच्या स्लीपरवर विसंबून ठेवायचा नाही, तो धातूला डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून, पक्का करायचा. याच्याही दोन पद्धती. एक, तांब्याचा थर असलेल्या पीसीबीच्या (इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या बोर्डाच्या) पट्टीचे स्लीपर. दुसरी, प्रत्येक रुळाखाली बारीक पितळी स्क्रू उभा घालून त्याच्या डोक्यावर रूळ सोल्डर करणं. नव्या लेआउटला मी पीसीबी वापरतो. तुमच्यासारख्या दुरुस्तीला स्क्रू सोयीचे, कारण पाव फेरा इकडे-तिकडे फिरवला की उंची केसभर खाली-वर करता येते.

पीसीबी घेतलीत तर हिरवट-पांढरी ग्लास इपॉक्सीची घ्या. तपकिरी कागदीवाली स्वस्त असते, पण ओल पितात तिचे थर, आणि डाग देताना जास्त वेळ तापली की तांबं उचलतं. पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला अशा शीट मिळतात. पट्टीच्या मधोमध तांब्यावर कानशीने आडवी खाच मारून दोन्ही रूळ विजेच्या दृष्टीने वेगळे करा. हे राहिलं की पहिल्याच वेळी शॉर्ट. खाच मारल्यावर मल्टिमीटर लावून बघाच, कारण तांब्याची एखादी तार डोळ्याला दिसत नाही.

डाग देताना रुळाचा तळ आणि बाहेरचं अंग चकचकीत होईपर्यंत घासा. फ्लक्स राळेचाच. प्लंबर आणि रेडिएटरवाले जो अॅसिडचा वापरतात तो पटकन पकडतो खरा, पण त्याचे अवशेष आपल्या दमट हवेत महिनोन् महिने खात राहतात, आणि दोन पावसाळ्यांनी डागाभोवती हिरवं चढतं. रूळ आणि स्क्रूचं डोकं दोन्हींना आधी सोल्डरचा पातळ हात द्या. मग दोन रुळांमधलं अंतर धरणारं ट्रॅक गेज लावून रूळ दाबा आणि ६० वॉटच्या सोल्डरिंग आयर्नचं रुंद टोक दोन-तीन सेकंद टेकवा. २५ वॉटच्या आयर्नने हे काम करू नका. तो रूळ हळूहळू तापवतो आणि तोवर शेजारचे स्लीपर वितळतात. त्या स्लीपरांच्या आधी रुळाला धातूचा चिमटा लावून ठेवा, उष्णता तो पितो. सगळं थंड झाल्यावर दोन रुळांमधलं १६.५ मिमीचं माप पुन्हा तपासा.

आणि मग कापायचं. बोर्ड जोडलेले, बोल्ट आवळलेले, रूळ दोन्हीकडे डागलेले, आणि नेमकं जोडाच्या रेषेवर. रोटरी टूलची पातळ कटिंग डिस्क चालते, पण ती तुटली की तुकडे डोळ्यांच्या दिशेने उडतात. चष्मा लावल्याशिवाय हात लावू नका. मला सोनार वापरतात तशी बारीक करवत जास्त आवडते. वेळ लागतो, पण काप सरळ येतो आणि रूळ तापत नाही. कापून झाल्यावर बोर्ड वेगळे करा आणि टोकांची धार काढा. आतल्या वरच्या कोपऱ्यावर बारीक कानशीचे दोन हात, बस्स. पुष्कळ जण इथे अति करतात. टोक इतकं उतरतं करतात की चाक खड्ड्यात पडल्यासारखं आपटतं.

फट किती? करवतीच्या पात्याएवढी आपोआप पडते, तीच पुरे. पण काप हिवाळ्याच्या सकाळी घेतला असेल तर जरा जास्त ठेवा. निकेल सिल्व्हरचा ४ फुटी रूळ २० अंशांच्या फरकाला साधारण ०.४ मिमी वाढतो. टोकं टेकलेली असली तर ही वाढ डागांवर जोर टाकते.

दोन गोष्टी तुमच्या प्रश्नात नव्हत्या, पण विचारायला हव्यात. तुमचे ट्रॅक जोड काटकोनात ओलांडतात की तिरपे? काटकोनात असतील तर बोर्ड १ मिमी उघडा राहिला तरी फक्त फट वाढते. काटकोनापासून ३० अंश तिरपा ट्रॅक असला तर तीच १ मिमी उघडीप ०.५ मिमीची पायरी होऊन समोर येते. म्हणजे तिरप्या ट्रॅकला जोड पूर्ण मिटलेला असणं फार गरजेचं, फळ्यांमध्ये खडीचा एक कण अडकला तरी भोवतो. मांडण्याआधी फळ्यांवरून ब्रश फिरवायची सवय लावा. दुसरी गोष्ट वळणाची. फ्लेक्स ट्रॅकचा (हवा तसा वाकवता येणाऱ्या ट्रॅकचा) रूळ वाकवून बसवला आणि कापला की त्याची टोकं सरळ व्हायला बघतात, बाहेरच्या बाजूला उसळतात, आणि जोडावर कोन पडतो. शक्य तर जोडाच्या दोन्ही बाजूंना दोन-तीन इंच सरळ ठेवा. नसेल शक्य, तर रूळ आधी बोटांनी गोलाईत वाकवून घ्या, आणि डागाचे बिंदू एकाऐवजी तीन द्या. जोडावर पॉइंट (गाडीचा मार्ग बदलणारा सांधा) मात्र कधीही नको. त्याची हलणारी पाती, खालची मोटर आणि टोकाची फळी एकाच जागेवर हक्क सांगतात.

ऑगस्टबद्दल. तुमचा प्लाय कुठल्या प्रतीचा आहे ते लिहिलेलं नाही. आयएस ७१०चा, म्हणजे मरीन प्लायचा, शिक्का असला तरी त्याचा मुख्य अर्थ थरांमधला गोंद पाण्यात सुटणार नाही असा. लाकूड दमट हवा पिणारच. आपण बहुतेक वेळा वरचा पृष्ठभाग रंगवतो आणि खालचा कोरा सोडतो. मग खालची बाजू ओल घेते, वरची घेत नाही, आणि बोर्ड मधून उचलतो किंवा बसतो. सहाही बाजूंना, कापलेल्या कडांना आणि पाडलेल्या प्रत्येक भोकाला सीलर किंवा पीयू (पॉलियुरेथेन) वॉर्निशचे दोन हात द्या. आणि हे सगळं काम भर पावसात किंवा भर उन्हाळ्यात करू नका. मी दिवाळीनंतरचे दिवस निवडतो. हवा मध्यम असते, आणि फरक दोन्ही दिशांना थोडा-थोडाच पडतो.

विजेचं थोडक्यात. जॉइनर गेले की जोडावरून रुळातून करंट जाणार नाही, आणि तो जाऊही नये. प्रत्येक बोर्डाला स्वतःच्या वायरी, आणि बोर्डांमध्ये खालून कनेक्टर. घरातले ५ अँपिअरचे प्लग-सॉकेट यासाठी वापरलेले मी पाहिलेत. ते अजिबात करू नका. प्रदर्शनात मदतीला आलेला कुणीतरी तो प्लग भिंतीतल्या २३० व्होल्टच्या सॉकेटात घालेल.

वाहतुकीसाठी प्रत्येक टोकाला ६ मिमी प्लायचं झाकण करा, त्याच पिनांवर बसणारं. टेम्पोत ठेवताना उघड्या रुळाचं टोक कुणाच्या तरी बाहीत अडकतं, आणि मग एवढं सगळं करून पुन्हा तीच पायरी. फळ्यांवर अ-अ, ब-ब अशा खुणाही रंगवून ठेवा.

काम झाल्यावर तुमच्याकडची सगळ्यात हलकी वॅगन घ्या आणि इंजिनाने मागे ढकलत जोडावरून न्या, दोन्ही दिशांनी, दोन्ही ट्रॅकवर. मग बोर्ड पूर्ण सोडवा, बाहेर नेऊन आणा, पुन्हा जोडा, आणि फीलर गेज लावा. आधीचाच आकडा आला पाहिजे. वेगळा आला तर रुळाला हात लावू नका. पिनेची चकती किंवा बुशचे स्क्रू ढिले आहेत का ते बघा, बहुतेक वेळा तेच असतं.